मंडळी मरायला तयार नाहीत

४ मार्च

साडेचार महिने या वहीला तोंड दाखवलं नाही, याची लाज वाटते. कारण शोधायला बसलो तर एकही धड सापडत नाही. आजारी नव्हतो, प्रवासात नव्हतो. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. घडत होतं, मी आळस केला. शेवटची नोंद एकोणीस ऑक्टोबरची आहे: 'छत्री प्रयोगशाळेत राहिली.' छत्री दुसऱ्याच दिवशी मिळाली होती. ती नोंद आता करतो.

आज वही उघडली कारण बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं दार लावण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी दारामागे झुरळ होतं.

प्रकरण असं आहे. आमच्याकडे कर्करोगाच्या एका गाठीतून फार पूर्वी काढलेल्या पेशी आहेत. बाटलीच्या तळाला चिकटून त्या वाढतात आणि वाढतच राहतात. त्यांचं खाणंपिणं, ऊब, स्वच्छता सगळं माझ्याकडे. मी त्यांना 'मंडळी' म्हणतो. आमच्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध या मंडळींना मारण्यावर आहे. मारण्यावर म्हणणं बरोबर नाही, मरायला सांगण्यावर. पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, काही रिसेप्टर असतात. बाहेरून आलेला निरोप आत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. निरोप असा, की आता आवरा. औषध म्हणजे तो निरोप. त्याला धरून तीन रिसेप्टर एकत्र आले की त्यांच्या आतल्या शेपट्या जुळतात, त्यामुळे आत एक कात्री उघडते, ती दुसऱ्या कात्र्या उघडते, आणि पेशी स्वतःला नीट कापून, लहान लहान पुड्या बांधून संपते. पसारा नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही. मला ही पद्धत फार आवडते.

विद्यार्थिनीच्या प्रयोगात शंभरातल्या साठ-पासष्ट पेशी मरतात. प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं, हाच प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून करून दाखवा. बाईंनी माझं नाव दिलं. मागच्या आठवड्यात मी केला. शंभरात चार मेल्या. चार तर काही न करताही मरतात.

बाई म्हणाल्या, "तुमच्या हातून चूक होत नाही, हीच पंचाईत आहे."

पंचवीस तारखेपर्यंत लेखी अहवाल द्यायचा आहे. आकडे जुळले नाहीत तर प्रबंध परत येणार. तिची इथली मुदत जूनमध्ये संपते, म्हणजे पाच वर्षं पाण्यात आणि पदवी नाही. तिला मी 'वादळ' म्हणतो. फक्त या वहीत.

७ मार्च

दुसरा प्रयत्न. काय काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच शंका यायला नको.

मंडळी तळाला चिकटलेली असतात. ती सोडवायला एक एन्झाइम ओततात, ते बाहेरची पकड कुरतडून टाकतं. सूचनापत्रकात लिहिलंय 'तीन ते पाच मिनिटं, किंवा सुटेपर्यंत'. सूचनेत 'किंवा' कसं चालतं ते मला कळत नाही. मी पंधरा मिनिटं ठेवतो, घड्याळ लावून. एकेक पेशी सुटी होते, गुळगुळीत, मोत्यासारखी. घोळक्यात राहिली तर आतल्या पेशीपर्यंत औषध पोचणार नाही, आणि तो तिच्यावर अन्याय होईल. मग मंडळी पुन्हा चिकटायच्या आत, लगेच औषध. चिकटली की पेशीची खालची बाजू झाकली जाते. तरंगत असताना औषध सगळीकडून लागतं. पत्रकात औषध केव्हा घालायचं ते सांगितलेलंच नाही, नुसतं 'त्यानंतर'. एक तासाने औषध धुऊन टाकायचं, कारण शरीरातही ते साधारण तेवढंच टिकतं. दुसऱ्या दिवशी निळा रंग घालायचा. मेलेली पेशी रंग आत घेते, जिवंत घेत नाही. मग मोजायचं.

शंभरात तीन.

एक शंका मनातून जात नाही. एकोणीस वर्षं मी या मंडळींना सांभाळलं आहे. त्यांनी मरू नये असं मला आतून वाटतंय आणि ते हातात उतरतंय, असं तर नसेल? बायकोला विचारलं. ती म्हणाली की गॅलरीतली झाडंही मी इतक्याच प्रेमाने मारली आहेत, तेव्हा प्रेमाचा अडथळा नसावा.

९ मार्च

संध्याकाळी आईजवळ बसलो. तिच्या कानांतल्या यंत्रांची सफाई मी कुणावर सोपवत नाही. दोन्ही काढायची, बारीक ब्रशने झाडायची, कापडाने पुसायची आणि वीस मिनिटं वाळवणीच्या डबीत ठेवायची. ती वीस मिनिटं मी मोकळा असतो, म्हणून आईशी महत्त्वाचं बोलणं तेव्हाच उरकून घेतो. आज मोतीबिंदूचा विषय पुन्हा काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? आई खिडकीकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, पंखा कमी कर. विषय टाळायची तिची ही जानेवारीपासूनची पद्धत आहे. वाईट वाटलं, पण मी आवाज चढवला नाही. थकलेल्या माणसाशी चढ्या आवाजात बोलू नये.

मग तिला रिसेप्टरचं सगळं समजावून सांगितलं. शेपट्या, कात्र्या, पुड्या. तिने दोनदा मान डोलावली. विज्ञानात तिला रस आहे, हे एक समाधान.

१३ मार्च

काल वादळाला काम करताना मुद्दाम पाहिलं. तिच्या लक्षात येऊ न देता, म्हणजे शेजारची काच पुसत. काच आधीच स्वच्छ होती.

एन्झाइम ओतलं. फोन खांद्यात धरून मैत्रिणीला बूट कुठले घ्यावेत ते सांगितलं. दोन-तीन मिनिटं झाली असतील, बाटलीच्या कुशीत तीन चापट्या मारल्या आणि झालं. अर्धी मंडळी तळालाच राहिली, बाकीची चार-चारच्या टोळक्याने बाहेर पडली. ती तिने प्लेटमध्ये वाटली. आता औषध घालेल म्हणून मी पाहतोय, तर वादळाने पर्स उचलली. न राहवून विचारलं, औषध?

"उद्या, काका. त्या पण दमल्यात, मी पण दमलेय."

आज पावणेबाराला उगवली. चहा घेतला, मग औषध घातलं. तिच्या वहीत चहाचा गोल डाग आहे आणि डागाच्या आत लिहिलंय, 'अंदाजे एक तास'.

अंदाजे.

असल्या कामातून शंभरात चौसष्ट येतात आणि माझ्या कामातून तीन. मी तिला सरळ सांगितलं की माझ्याकडे मंडळी मरत नाहीत. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तोंडात च्युइंगम असतं तर फुगा फोडला असता, अशा चेहऱ्याने म्हणाली, "तुमच्या पेशी तुमच्यासारख्याच. रजेचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय कुठे जायच्या नाहीत."

एक गोष्ट वेगळी नोंदवतो. ती मला काका म्हणते. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. हा मुद्दा अहवालात आणायचा नाही, हे स्वतःला बजावण्यासाठी इथे लिहिलं.

१६ मार्च

तिसरा प्रयत्न, सर्वात जास्त काळजीपूर्वक. एन्झाइम अठरा मिनिटं. शंभरात तीन.

दोनच शक्यता उरतात. एक, माझं चुकतंय. पिपेट तपासल्या, तराजू तपासला, इन्क्युबेटरचं तापमान दोन थर्मामीटरने पाहिलं, औषधही तिच्याच बाटलीतलं घेतलं. कुठेच काही नाही. दुसरी शक्यता लिहायला हात धजत नव्हता, पण वहीशी लपवाछपवी कशाला? तिने आकडे मनाने भरले असावेत.

बाईंना द्यायच्या पत्राचा मसुदा केला. 'आकडे बनावट आहेत' असं लिहिलं, खोडलं. 'आकडे संशयास्पद वाटतात' लिहिलं, पण वाटण्याला पुरावा काय? 'आकडे प्रत्यक्ष मोजणीतून आले नसावेत' हे शेवटी ठेवलं. 'नसावेत'वर अर्धा तास गेला.

बायकोने मसुदा वाचला. तिचा प्रश्न एकच होता: आकडे भरताना तू तिला पाहिलंस का? नाही पाहिलं. मग ती म्हणाली की तिचा प्रयोग तिला तुझ्यासमोर करू दे, तू मोज, एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, असं समोर उभं राहणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. बायकोने हातातल्या मसुद्याकडे बघितलं आणि तो मला परत दिला. मला वाटतं, तिला माझा मुद्दा पटला.

१९ मार्च

पत्र दिलं. मुदत पंचवीसची असली तरी शेवटच्या दिवशी कागद देणं मला जमत नाही. बाई परिषदेला गेल्या आहेत, पंचवीसला सकाळी येतील. नोंदणी कारकुनाने पाकिटावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि बाईंच्या ट्रेमध्ये ठेवलं. कर्तव्य केल्याचं समाधान वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. पित्त असेल.

२१ मार्च

पित्त नव्हतं. काल सकाळी वादळासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, तुझा प्रयोग माझ्यासमोर कर. ती लगेच हो म्हणाली. याचंच मला आश्चर्य वाटलं. प्लेटच्या खाली, दिसणार नाही अशा जागी, मी माझी सही करून ठेवली, अदलाबदल व्हायला नको म्हणून. औषध तिने सवयीप्रमाणे आज दुपारी घातलं. तासाने धुतलं. आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलं.

मंडळी आवरत होती. मी एकोणीस वर्षांत हे असं शांत बसून पाहिलं नव्हतं. पेशी आधी आकसते, अंग चोरून घेते. मग कडेने फुगे येतात, उकळत्या पाण्यासारखे, पण आवाज नाही. मग पुड्या. घाई नाही, गोंधळ नाही. बाजूची एक पेशी तशीच चिकटून, जणू तिला त्याचं काहीच नाही. माझे डोळे भरून आले. वादळाने विचारलं, काका, काय झालं? मी म्हटलं, दिवा प्रखर आहे.

२२ मार्च

मी स्वतः मोजलं. तीनदा. शंभरात एकसष्ट. प्लेटखाली माझी सही.

म्हणजे ती खरी आहे. आणि माझं पत्र ट्रेमध्ये आहे.

तडक कारकुनाकडे गेलो आणि पाकीट परत मागितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, आवक झालेलं पत्र परत मिळत नाही. पाहिजे तर ते परत मागणारं पत्र द्या. त्याला क्रमांक पडेल, आणि ते त्याच ट्रेमध्ये जाईल."

हा नियम मीच सहा वर्षांपूर्वी सुचवला होता, असंही तो म्हणाला.

संध्याकाळी आणखी एक प्रकार झाला. आईची यंत्रं डबीत वाळत होती आणि मी मोतीबिंदूचं विचारत होतो. आई खिडकीकडे. बायको दारात उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. ती आत आली, डबी उघडली, दोन्ही यंत्रं आईच्या कानात घातली, नीट बसली की नाहीत ते पाहिलं आणि मला म्हणाली, आता विचार.

मी विचारलं. आई म्हणाली, "उद्या नेतोस? मी जानेवारीपासून वाट बघतेय. तुला वेळ नसेल म्हणून बोलले नाही."

मी म्हटलं, अगं, मी रोज विचारतोय. आई म्हणाली, "रोज तू माझे कान काढून घेतोस आणि समोर बसून तोंड हलवतोस. मला वाटायचं, ऑफिसातलं काहीतरी पुटपुटतोयस. बिचाऱ्याला कामाचा ताण आहे, म्हणून मी आपली मान हलवायचे."

बायको स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती. पाणी सोडलं होतं, तरी ऐकू आलं.

शरम वाटली. पण आज माझ्या डोक्यात दुसरंच आहे. माझ्या हातात मंडळी का मरत नाहीत? त्याला उत्तर नाही. आईच्या गोष्टीत लक्ष घालायला आत्ता खरंच सवड नाही.

२३ मार्च

सकाळी चौथा प्रयत्न सुरू केला. एन्झाइम ओतलं, घड्याळ लावलं आणि हात बांधून बसलो. सात मिनिटं झाली असतील. एन्झाइम आत काय करत असेल ते डोळ्यांसमोर आणत होतो: पेशीच्या अंगावरचं, बाहेर आलेलं सगळं कुरतडतंय. पकड कुरतडतंय. पण त्याला काय माहीत पकड कुठली आणि रिसेप्टर कुठला? बाहेर दिसलं ते तोडायचं. मी पंधरा मिनिटं पेशीच्या अंगावरून एकूण एक गोष्ट झाडून घेतो, तिला मोत्यासारखी करतो, आणि लगेच, त्याच मिनिटाला, तिला निरोप सांगायला बसतो. तासाभराने निरोप धुऊन टाकतो आणि म्हणतो, ऐकत नाही.

मी मोठ्याने म्हणालो, कान काढून घेतो. खोलीत कुणी नव्हतं.

वादळ तीन मिनिटांत उरकते. जे तुटतं ते रात्रभरात पेशी पुन्हा उगवून घेते, कारण वादळ दुसऱ्या दिवशी पावणेबारापर्यंत येत नाही. तिच्या आळसात जे होतं ते माझ्या पत्रकात नव्हतं.

मंडळींचे दोन भाग केले. एकाला लगेच औषध, माझ्या पद्धतीने. दुसऱ्याला पंधरा मिनिटंच एन्झाइम, पण औषध उद्या सकाळी. दुपारी अर्धी रजा टाकून आईला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिने विचारलं, त्या कात्र्यांचं काय झालं? मी थांबलो. म्हटलं, तुला कसं माहीत? म्हणाली, "तू दोन बोटांनी कात्री करून दाखवायचास ना. मला वाटलं, शिवणाचं काहीतरी शिकतोयस."

२५ मार्च

लगेच औषध घातलेल्या: शंभरात चार. रात्रभर विसावलेल्या: शंभरात त्रेसष्ट. हे आज पहाटे जाऊन मोजलं आणि दुसरं पत्र लिहिलं. त्यात माझी चूक, कारण, वेळा, सगळं लिहिलं. शेवटी, 'पहिल्या पत्रातला संशय निराधार होता आणि तो मी घेतला.' यात 'असावा' कुठेही नाही.

कारकुनाने शिक्का मारला. पाकिटं क्रमांकाने लावली. बाईंनी ती क्रमांकानेच वाचली, मी समोर उभा. पहिलं वाचताना त्यांचा चेहरा असा झाला की मी दार लावून घेतलं. दुसरं वाचताना त्या मध्येच थांबल्या.

"पंधरा मिनिटं?"

"हो."

"दर वेळी?"

"घड्याळ लावून. एकदा अठरा."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं, त्याचा अर्थ मला दोनदा विचारावा लागला. परीक्षकांचा दुसरा एक प्रश्न आहे: औषध रिसेप्टरमधूनच काम करतं, दुसऱ्या कुठल्या वाटेने आत शिरत नाही, याला आधार काय? पाच वर्षांत वादळाकडे याचं उत्तर नव्हतं. बाईंच्या मते आता मी ते दिलं आहे. पेशीच्या अंगावर काही शिल्लक नसताना औषध दिलं, काही झालं नाही; रात्रभर विसावू दिल्यावर दिलं, मेल्या. रिसेप्टर खरोखर गेले आणि परत आले, हे वेगळं तपासावं लागेल, पण ते दोन दिवसांचं काम.

"आणि हे तुम्ही नकळत तीनदा करून ठेवलंत," बाई म्हणाल्या.

"चारदा," मी म्हटलं. परवाचा धरून.

प्रबंध परत येणार नाही. बाई आजच परीक्षकांना लिहिणार आहेत. निघताना त्यांनी पहिलं पाकीट वेगळं काढलं आणि हे तिला कळायची गरज नाही असं म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला आवक क्रमांक आहे.

"क्रमांकाचं मी बघते. तुमचं तुम्ही बघा."

चार वाजता वादळ माझ्या टेबलाशी आली. बाईंनी तिला दुसऱ्या पत्रातली मोजणी तेवढी सांगितली होती. बोलता बोलता रडली, रडता रडता हसली, आईला फोन लावला, तो चालू ठेवूनच मला म्हणाली, "काका, पंधरा मिनिटं? बाळाला पण कुणी एवढी अंघोळ घालत नाही." मग प्रबंधाच्या पहिल्या पानावर माझे आभार मानायचे म्हणून वाक्य वाचून दाखवलं: ज्यांनी माझ्या कामावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला. तुमचं पद नीट कसं लिहायचं, असंही विचारलं.

मी पद सांगितलं. दुसरं सांगायचं होतं ते सांगितलं नाही. फोनवर तिची आई बोलत होती, तिचा एक कान तिकडे होता, डोळे पुसायचे होते. तिच्यापर्यंत काही पोचलं नसतं. हे शहाणपण होतं की पळवाट, हे मी दोन तास तपासतोय. निम्मं निम्मं निघतंय. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, निम्मं शहाणपण हे तुझ्यासाठी पुष्कळ आहे, पण ते उद्यापर्यंतच टिकेल.

पहिल्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. मी प्रत ठेवतोच.

उद्या: बारानंतर, तिचा चहा झाल्यावर, ती प्रत तिच्या हातात देऊन समोर बसणं.